न फिरणारा पंखा

"बाराशे वॅट," आर्ने किवेला म्हणाला आणि कॉर्नफ्लेक्सच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर तो आकडा लिहून त्याखाली त्यानं दोन रेघा ओढल्या.

वर्ना समोर बटाटे सोलत होती. तिनं सुरी थांबवली नाही. "कशाला? गावाला वीज पुरवायचा विचार आहे का?"

"मोटर सुरू होताना चालतानाच्या सहापट करंट ओढते."

"त्यात मोटर नाहीये. कॉम्प्युटर आहे तो. मी त्याच्यासमोर बसून वाचणार आहे, लाकडाचा लगदा नाही करणार."

क्लेटन बासो टेबलाच्या टोकाला कॉफी पीत बसला होता. तो रोज दहाला येई, अकराला जाई आणि मधल्या तासात नवराबायकोच्या कुठल्याही वादात जो हरत असेल त्याची बाजू घेई. आज त्यानं आर्नेची घेतली. "घेऊ दे गं त्याला बाराशेचा. उद्या मिल परत सुरू झाली तर तुमच्या पडवीतूनच चालवता येईल."

गावची कागदाची मिल सहा वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि ती परत सुरू होणार नाही हे सरोवराकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आर्ने तिथे चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. फुटबॉलच्या मैदानाएवढं लांब कागदाचं यंत्र बंद पडलं की त्याला बोलावणं येई, आणि तो येऊन यंत्राला हात लावी तेव्हा इंजिनिअरसुद्धा बोलायचे थांबत. मिल गेली आणि एका सोमवारी सकाळपासून त्याची कुणाला गरज उरली नाही. त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांचे टोस्टर दुरुस्त केले, शेजारणीच्या कुंपणावरचे नाताळचे दिवे फुकट जोडून दिले. पण टोस्टरनं माणसाचं पोट भरत नाही. म्हणजे टोस्टनं भरतं, दुरुस्तीनं भरत नाही.

म्हणून वर्नाला नवा कॉम्प्युटर लागणार असं ठरलं तेव्हा आर्नेच्या अंगात दहा वर्षांनी लहान माणूस शिरला. विकत आणायचा नाही, म्हणाला. सुटे भाग आणायचे आणि मी जोडणार. मिलमधलं अख्खं यंत्र नंबर चार मी उलगडून परत बांधलंय, हा डबा काय चीज आहे?

वर्ना पोस्टात खिडकीमागे सत्तावीस वर्षं बसली होती आणि निवृत्त झाल्यावर तिनं एक काम अंगावर घेतलं होतं. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी जिल्ह्याचा एक रेडिओ चाले. त्यावर दर शुक्रवारी अर्धा तास ती गावचं साप्ताहिक वाचून दाखवी: कोण गेलं, कुणाला नात झाली, गावसभेत कोण कुणाला काय बोललं, कुणाच्या गळाला केवढा मासा लागला आणि किराणा दुकानात कोंबडी कशी आहे. घरातल्या कोटांच्या कपाटात शिरून ती रेकॉर्डिंग करी, कारण कोट आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात. कॉम्प्युटर कपाटाच्या दाराबाहेर स्टुलावर. नऊ वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता.

पण जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला होता आणि म्हाताऱ्यांसारखाच तोंडानं श्वास घ्यायला लागला होता. त्याच्या पंख्याचा घरघराट दाराच्या फटीतून कपाटात शिरे आणि थेट रेडिओवर जाऊन बसे. हिल्मा ओयाला नावाची एक्याण्णव वर्षांची आजी, जी दर शुक्रवारी कार्यक्रम संपला की फोन करी, ती एकदा म्हणाली, "तुझ्यामागे कोणी तरी सारखं व्हॅक्यूम क्लीनर फिरवत असतं बघ. त्याला म्हणावं, झालं असेल आता स्वच्छ."

वर्ना त्यावर खूप हसली होती. मग रेडिओवरून पत्र आलं तेव्हा मात्र हसली नाही. आवाज स्वच्छ हवा, असं पत्रात होतं. मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नीट रेकॉर्डिंग आलं तर ठीक, नाही तर तिचा अर्धा तास बातम्या वाचणाऱ्या यंत्राच्या आवाजाला देण्यात येईल. यंत्र चुकत नाही, थकत नाही आणि सुट्टी मागत नाही, असंही कुणी तरी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं.

"त्या यंत्राला हिल्माचा मुलगा कोण ते तरी माहीत आहे का?" एवढंच वर्ना म्हणाली आणि पत्र फ्रीजवर लावलं.

एकेक करून सगळे भाग आले. जुन्या मशीनचा पत्र्याचा कॅबिनेट चांगला होता, तो आर्नेनं रिकामा करून, धुऊन, पुसून परत वापरायला घेतला. घोडं अडलं ते पॉवर सप्लायवर. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या सगळ्यांना वाटून देणारा हा डबा. बाकी सगळं याच्या जिवावर. आर्नेला तो मोठा हवा होता, कारण आयुष्यभर त्यानं एकच धडा गिरवला होता: लागेल त्याच्या दुप्पट ठेव, मग रात्री झोप लागते. वर्नाला तो गप्प हवा होता. तीन आठवडे हा वाद चालला. मोठा म्हणजे मोठा पंखा, मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, असं वर्नाचं गणित. आर्नेचं म्हणणं, जे मशीन आवाज करत नाही ते बंद असतं. क्लेटनच्या मते नाकापेक्षा मोती जड होत चालला होता.

शेवटी मंगळवारी दोघं गाडी काढून नव्वद मैलांवरच्या शहरात गेली.

दुकान लहान होतं आणि त्यात मरीसोल नावाची तिशीची बाई होती, नाकात चमकी आणि मनगटाला सुटे भाग हाताळताना बांधतात ती तारेची पट्टी. तिनं दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. आधी त्याचं, मग तिचं, मग दोघांचं एकदम. मग ती मागे गेली आणि एक काळा डबा घेऊन आली.

"हा आठशे पन्नासचा," ती म्हणाली. "तुमच्या मशीनला यातला जेमतेम सातवा हिस्सा लागेल. म्हणजे तुम्हाला हवा तसा मोठा आहे. आणि तुम्हाला हवा तसा गप्पही आहे."

"मोठा असून गप्प?" वर्नानं विचारलं.

"मोठा आहे म्हणूनच गप्प. सांगते कसं ते."

पण समोरचं लोकरीचं दुकान चारला बंद व्हायचं होतं आणि चार वाजायला दहा मिनिटं होती. वर्ना नुसती खुशीत होती. तीन आठवड्यांचं भांडण एका खोक्यात मावलं होतं आणि दोघंही जिंकली होती. असं संसारात किती वेळा होतं? तिनं पर्स काखेत मारली. "त्याला सांग," ती दारातून म्हणाली. "मशीनमधलं आमच्याकडे तोच जाणतो."

मरीसोल बिल करता करता सांगत होती. तिच्यामागे कुणी तरी कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन एका जुन्या मशीनची धूळ उडवत होतं. आर्नेला तिचे ओठ हलताना दिसत होते, मधेच ती बिलाकडे बघायची तेव्हा तेही दिसत नव्हते. त्यानं तीनदा मान हलवली. शेवटी ती हसली तेव्हा तोही हसला.

ही मान हलवण्याची कला त्यानं बरीच वर्षं कमावली होती. कागदाच्या यंत्राशेजारी चौतीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान घरी आणता येत नाहीत, ते मिलमध्येच राहतात. त्याला ऐकू कमी येतं हे वर्नाला माहीत होतं. किती कमी, हे त्यानं तिला कळू दिलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातून मिळालेली कानात घालायची यंत्रं मोज्यांच्या खणात, नाताळात मिळालेल्या आणि कधीच न घातलेल्या मोज्यांखाली होती. समोरासमोर बोललं की तो ओठ वाचे. बाकी वेळी चारचौघं हसले की हसे, गप्प झाले की गप्प होई. त्याला वाटे, हे काही खोटं बोलणं नव्हे. कुणी तसं विचारलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी त्यानं स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्यावर पांढरी चादर अंथरली आणि जोडणीला बसला. त्या दिवशी त्याला पाहायला हवं होतं. चष्मा कपाळावर, जीभ किंचित बाहेर, आणि सुटे स्क्रू आकारानं लावून मफिनच्या साच्यात. तारा त्यानं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या नाहीत; मिलमधल्यासारख्या मेणाच्या दोऱ्यानं बांधल्या, बोटभर अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत.

"आत कोण बघणार आहे?" वर्नानं विचारलं.

"मी," आर्ने म्हणाला.

तीन वाजता त्यानं बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला आणि वर्नानं टाळ्या वाजवल्या. क्लेटन दुपारी परत आला होता, त्यानं आपल्या तीन बोटांनी टेबलावर ढोल वाजवला. वर्नानं आर्नेच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "आवाजच नाही रे! ऐक ना, काहीच आवाज नाही." आर्नेला तर जुन्या मशीनचा आवाजही येत नव्हता, तरी त्याच्या छातीत असं काही भरून आलं की त्यानं उगाच रुमाल काढून पडदा पुसला.

मग सवयीनं तो टॉर्च घेऊन मागच्या बाजूला गेला आणि माशी शिंकली.

पॉवर सप्लायचा पंखा फिरत नव्हता. पुढचा पंखा हळूहळू फिरत होता, आतला लहान फिरत होता, पण या डब्याचा ढिम्म. आर्नेनं हाताचा पंजा पत्र्यावर ठेवला. काही थरथर नाही. तो पाच मिनिटं घड्याळाकडे बघत तसाच बसला. खोक्यात काही माहिती असेल म्हणून शोधलं, तर पुस्तिका नव्हती. काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेली चिठ्ठी होती, ती फोनला दाखवा म्हणे. आर्नेचा फोन जुना, झाकण उघडझाप होणारा होता, त्याला चिठ्ठी दाखवून काय उपयोग? मिलमध्ये एकदा एका कपाटातला असाच पंखा थांबला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या आगीनंतर यंत्र नंबर चार अकरा दिवस बंद होतं.

त्यानं बटण बंद केलं, तार भिंतीतून उपसली आणि पडवीतल्या हत्यारांच्या पेटीतून आपली लाल पाटी आणून प्लगला तारेनं बांधली.

ही पाटी मिलमधल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनची आपापली असे. वर त्याचा फोटो: सत्तावीस वर्षांचा आर्ने, झुपकेदार मिशा. खाली नाव. त्याखाली दोन ओळी: 'चालू करू नका. माझा जीव यावर आहे.' नियम एकच होता आणि त्याला अपवाद नव्हता. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. मॅनेजर असो की मालक, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा एका घाईतल्या मुकादमानं क्लेटनची पाटी काढून खटका वर केला होता आणि क्लेटनची दोन बोटं तिथेच राहिली.

"पंखा मेलेला आहे," आर्ने म्हणाला. "उद्या जाऊन बदलून आणतो."

वर्नानं पाटीकडे पाहिलं, फ्रीजवरच्या पत्राकडे पाहिलं आणि मान डोलावली. शुक्रवारी बाराला अजून वेळ होता.

पण गुरुवारी उजाडलं तेव्हा खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ होता. सरोवरावरून आलेलं वादळ रात्रभर बरसलं होतं आणि शहराकडे जाणारा रस्ता बंद केल्याचं सकाळीच जाहीर झालं. शनिवारपर्यंत उघडणार नव्हता. आर्नेनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात आजोबांच्या भाषेतली एक शिवी दिली. जुन्या मशीनचा तर त्यानं स्वतःच्या हातांनी सांगाडा केला होता. सगळी चूक आपली आहे असं त्याला वाटत होतं आणि चूक नेमकी कुठे ते सापडत नव्हतं.

क्लेटन दहाला बर्फात चालायचे जाळीदार बूट घालून आलाच. वर्नानं त्याला पाटी दाखवली. तिच्या मनात काय होतं ते क्लेटननं ओळखलं.

"मला नको विचारू," तो म्हणाला आणि आपला हात वर केला. "माझ्याकडे या नियमाची जाहिरात कायमची छापलेली आहे."

"मी कुठे काय म्हणाले?" वर्ना म्हणाली. "अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग आहे, नुसती पाटीची एक तार सोडायची आहे. पण मी हात लावणार नाही. मला फक्त त्याच्या तोंडाकडे बघवत नाहीये."

आर्ने तेव्हा बाहेर फावड्यानं बर्फ उपसत होता. रस्ता बंद असताना दारातला बर्फ काढून तो कुठे जाणार होता, देव जाणे. मधे त्यानं पाठ ताठ करून घराकडे पाहिलं तर खिडकीत वर्ना फोनवर बोलताना दिसली. आधी ती काही सांगत होती, हात उडवत. मग ऐकत होती. मग खदखदून हसली. मग एकाएकी हसायची थांबली. खुर्ची ओढून बसली आणि फोन कानाला तसाच लावून खिडकीतून सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

आर्नेनं परत फावडं उचललं. काही तरी झालं होतं खास.

वर्ना कोट अंगावर टाकून बाहेर आली. बर्फातून पाय उचलत त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि प्रत्येक शब्द सुटा सुटा करत बोलली.

"दुकानात फोन केला होता. मरीसोल म्हणते, पंखा चांगला आहे. डबा एवढा मोठा आहे की आपल्या मशीननं तो तापतच नाही. तापला तरच पंखा फिरतो, नाही तर स्वस्थ बसतो. म्हणूनच आवाज नाही." ती थांबली. "म्हणाली, तिचीच चूक झाली. तुला सांगायचं विसरली. माफी मागितली आहे तिनं."

आर्नेला मरीसोलचे हलणारे ओठ आठवले. तीनदा हलवलेली मान आठवली. वर्ना खोटं बोलत होती, आणि ते त्याच्यासाठी बोलत होती, हे त्याला तिच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. त्यानं नुसतं 'असं होय' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पाटी काढली असती, मशीन सुरू झालं असतं, आणि आणखी दहा वर्षं निघाली असती.

त्यानं फावडं बर्फात रोवलं.

"विसरली नाही ती," तो म्हणाला. "तिनं सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली."

वर्नानं कोट गळ्याशी आवळून घेतला.

"मी नेहमीच हलवतो."

"कधीपासून?"

"मिल बंद व्हायच्या बऱ्याच आधीपासून."

वारा पडला होता. छपरावरून बर्फाचा एक लोळ घसरून धप्पकन खाली आला. वर्ना दचकली आणि आर्नेनं तिकडे वळूनही पाहिलं नाही, हेही तिनं पाहिलं.

"दर शुक्रवारी तू माझ्याशेजारी रेडिओसमोर बसतोस," ती सावकाश म्हणाली. "हात मांडीवर ठेवून. शेवटी म्हणतोस, छान झालं."

"रेडिओला ओठ नसतात ना, वर्ना," आर्ने म्हणाला. "नऊ वर्षं मी त्यातून नुसती घरघर ऐकतोय. त्या घरघरीत कुठे तरी तू असतेस एवढं माहीत असायचं. म्हणून बसायचो."

वर्नानं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, हे त्याला दिसलं. मग ती खाली वाकली, दोन्ही हातांनी बर्फाचा चांगला नारळाएवढा गोळा केला आणि त्याच्या छातीवर हाणला.

"नऊ वर्षं छान झालं म्हणालास, लबाडा!"

दुसरा गोळा टोपीवर बसला. तिसऱ्याला तो हसायला लागला आणि चौथा त्यानं परत फेकला. क्लेटन दारात कॉफी घेऊन उभा होता. त्यानं नंतर गावभर सांगितलं की सदुसष्ट वर्षांचा माणूस आणि चौसष्ट वर्षांची बाई बर्फात लोळत होती आणि त्याला मधे पडायची हिंमत झाली नाही.

आत येऊन आर्नेनं स्वतः पाटीची तार सोडली. मशीन सुरू केलं. पंखा ढिम्म होता. त्यानं टॉर्चनं त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, काम नसताना गप्प बसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं, आणि त्याला त्या डब्याबद्दल आदर वाटला.

शुक्रवारी नऊला वर्ना साप्ताहिक घेऊन कपाटात शिरली. आर्ने बाहेर स्टुलाशेजारी बसून राहिला. पत्र्यावर पंजा ठेवून बघितला, काही थरथर नाही. साडेनऊला ती बाहेर आली, केस कोटांमुळे विस्कटलेले. रेडिओला पाठवायच्या आधी तिनं मोठे हेडफोन त्याच्या डोक्यावर घातले, आवाजाचं बटण उजवीकडे पार टोकाला फिरवलं आणि सुरू केलं.

आधी काहीच नव्हतं. आर्नेला वाटलं, बिघडलं. मग त्या काहीच नसण्यात कुणी तरी श्वास घेतला आणि वर्नाचा आवाज आला.

तिचाच आवाज, पण जरा वयस्क झालेला. त्याच्या आठवणीत तो कित्येक वर्षं मागेच थांबला होता. ती गेलेल्यांची नावं वाचत होती, प्रत्येक नावाआधी किंचित थांबून. पान उलटल्याचा आवाज आला. गावसभेचं भांडण तिनं दोन्ही बाजूंचे सूर लावून वाचलं आणि आर्ने मोठ्यानं हसला. शेजारी वर्ना बोटं गुंतवून उभी होती. अर्ध्या तासात तो एकदाच हलला, तेही नाक पुसायला.

त्यानं हेडफोन काढले.

"बरं?" वर्नानं विचारलं.

"गाजराचा भाव तू दोनदा वाचलास," आर्ने म्हणाला.

नऊ वर्षांत तिच्या वाचनाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. वर्नानं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि विस्कटलेल्या केसांनिशी तशीच हसत उभी राहिली. रेकॉर्डिंग अकराच्या आत रेडिओवर पोचलं आणि दुपारी तीनला लागलं. साडेतीनला हिल्मा ओयालाचा फोन आला. ती आधी व्हॅक्यूमवाल्याची चौकशी करून घेऊन मग म्हणाली, "आज तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली होतीस. मी तुला कॉफीही विचारली."

मोज्यांच्या खणातली यंत्रं पुढच्या आठवड्यात बाहेर आली. आर्ने त्यांच्यावर दिवसभर कुरकुरला. फ्रीज एवढा बडबडतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण काढली नाहीत.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी क्लेटन जरा लवकर, साडेनऊच्या आधीच आला. बूट झटकत, गाणं म्हणत, दार धाडकन लोटत तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. कोटांच्या कपाटाच्या मुठीला लाल पाटी लटकत होती. मिशीवाल्या फोटोवर पांढरी चिकटपट्टी लावली होती. आर्नेच्या नावावर रेघ मारून खाली पेन्सिलीनं, नीट, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: वर्ना किवेला. त्याखालच्या दोन ओळी तशाच होत्या.

क्लेटननं त्या दोन ओळी वाचल्या. मग बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालत टेबलाशी आला. आर्नेनं त्याच्यापुढे कॉफी सरकवली. दोघं मिलमधल्यासारखे खुणांनी बोलत बसले. हवा कशी आहे, पाव हवा का, मासे लागले का.

दार उघडलं. वर्ना बाहेर आली, कागद काखेत मारले आणि पाटीकडे पाहून क्षणभर थांबली. दोघंही म्हातारे आपापल्या जागी बसून राहिले, कुणी उठलं नाही. नाव तिचं होतं, पाटी तिनंच काढायची होती. तिनं तार सोडली आणि पाटी अलगद टेबलावर ठेवली.